आखूड बोटाचा टप

मी वाचायला शिकलो तो भिंतीवर. आमच्या घराच्या कुडाच्या भिंतींना आतून पत्रकं चिकटवलेली होती. सभा, मोर्चा, धिक्कार, जाहीर आवाहन. वडील महाडच्या एस.टी. स्टँडवर पत्रकं वाटायचे आणि उरलेली घरी आणून खळीनं भिंतीला लावायचे. वारा अडायचा आणि वाचनही व्हायचं. अंथरुणात पडल्या पडल्या 'बंधू आणि भगिनींनो' हेच पहिलं दिसायचं. त्यामुळे मी साधं पोस्टकार्ड लिहायला घेतलं तरी दुसऱ्या ओळीत कुणाचा तरी निषेध करतो, असं माझी आत्या म्हणते.

आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. महाडहून पोलादपूरला जाताना आमची वाडी लागते, आणि वाडीची गायन पार्टी आत्याच्या आवाजावर चालते. पेटीवर शाळेतले गुरुजी, ढोलकीवर वडील, आणि कोरसला ज्याला ज्याला गळा आहे तो. दर मार्चमध्ये चवदार तळ्यावर लोक जमतात तेव्हा आमची पार्टी तिथे चटई टाकून गाते. ज्या तळ्याचं पाणी घ्यायला आमच्या आजोबांना जिवावर उदार व्हावं लागलं, तिथे नातवानं काय घेऊन जावं? मी ठरवलं होतं, गिटार.

गिटार माझ्या मामेभावाची. तो मुंबईला गोदीत कामाला, आणि हौसेनं एका ऑर्केस्ट्रात वाजवायचा. नवी घेतल्यावर जुनी त्यानं मला दिली आणि मे महिन्याच्या सुट्टीत तीन कॉर्ड, म्हणजे दोन-तीन तारा एकदम दाबून काढायचे सूर, शिकवल्या. मी ती घेऊन तालमीला गेलो तेव्हा गुरुजींचा चेहरा आंबट झाला.

"हे हॉटेलातलं वाद्य इथे कशाला?"

मी उभा राहिलो. "वाद्याला जात नसते, गुरुजी! ज्यांनी आपल्याला पंगतीबाहेर बसवलं त्यांच्यासारखंच तुम्ही एका लाकडाला..."

"अरे, मी जातीचं बोललो का? तुझं ते सुरात नाही, एवढंच म्हणतोय."

आत्या हसून हसून लुगड्याच्या पदरानं डोळे पुसू लागली. शेवटी गुरुजींनी पेटीची पट्टी दाबून धरली आणि मी एकेक तार तिच्याशी जुळवली. ठरलं असं की मार्चपर्यंत तिन्ही कॉर्ड स्वच्छ आल्या तर मी चटईवर बसायचं, नाहीतर कोरसमध्ये टाळ्या वाजवायच्या. टाळ्या! मला ते सहन होणारं नव्हतं.

तेव्हा मी महाडला एका छापखान्यात कामाला होतो. पायानं चालवायचं ट्रेडल मशीन. उजव्या हातानं कोरा कागद द्यायचा, डाव्यानं छापलेला काढायचा. मशीनचा जबडा उघडतो आणि मिटतो, तेवढ्यात हात आत जाऊन बाहेर यायला हवा. भात कापणीच्या दिवसांत मी तिथे माझं स्वतःचं पहिलं पत्रक छापत होतो. वाडीला नळ मिळालाच पाहिजे, असा मजकूर. एक कागद तिरका बसला. माझं पत्रक आणि तिरकं? तो सरळ करायला डावा हात पुन्हा आत गेला, आणि जबडा मिटला.

मधल्या बोटाचं पुढचं पेर नखासकट गेलं. मालकांनी मला सायकलच्या दांडीवर बसवून दवाखान्यात नेलं. तो तिरका कागद वडिलांनी नंतर आणून बाकीच्या पत्रकांशेजारी भिंतीला लावला, ओळी तिरक्या त्या तिरक्याच ठेवून.

गुरुजी भेटायला आले. पट्टी बांधलेल्या हाताकडे पाहून हळूच म्हणाले, "तू असं कर, या वर्षी निवेदन कर. बोलतोस छान."

"मला दया नको, गुरुजी."

"दया कुठली? माईक आहे."

ते गेल्यावर मी बराच वेळ हक्क आणि सहानुभूती यांतल्या फरकावर बोललो. आत्या सुपात नाचणी पाखडत होती. "भाशान झाला? आता सांग, वाजवनार हायस का नाय?"

"वाजवणार."

"मग माझा डोका कशाला खातोस?"

जखम भरली तरी त्या थोटक्या टोकाला काही लागलं की खांद्यापर्यंत झिणझिण्या जायच्या. तार तर दूरच, शर्टाची बाहीसुद्धा सोसायची नाही. एक दिवस बोलता बोलता माझा हात आत्याच्या नाचणीच्या टोपलीत गेला, आणि बरं वाटलं. बारीक, गार, गोल दाणे. मग रोज संध्याकाळी मी टोपलीत बोट खुपसून बसू लागलो. आत्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "भाचा माझा नाचनी राखतोय." हळूहळू झिणझिण्या कमी झाल्या, कातडी टणक झाली, आणि मी पुन्हा गिटार मांडीवर घेतली.

हात नव्यानं शिकवावा लागला. पहिल्या दोन कॉर्ड मी बाकीच्या बोटांवर वाटून दिल्या. करंगळीला एवढं काम जन्मात पडलं नव्हतं, ती रात्री ठणकायची. तिसरी मात्र आखूड बोटाशिवाय जमेना. ते तारेवर पोचायचं, पण सगळा जोर लावला तरच तार दबायची. मी जोर लावत राहिलो. वडील रोज जेवण झाल्यावर ढोलकी काढून समोर बसायचे, ठेका धरायचे. माझं चुकलं की थांबायचे, मी तयार झालो की पुन्हा सुरू. शिमग्याच्या सुमारास तालमीत एकदा तिसरी कॉर्ड खणखणीत वाजली आणि पेटीवरून गुरुजींनी मान वर केली.

"बस चटईवर," ते म्हणाले.

तळ्यावर त्या दिवशी नुसती माणसंच माणसं. आमच्या पार्टीची रीत अशी, की गाण्याआधी सगळ्यांनी पायऱ्या उतरून ओंजळभर पाणी घ्यायचं. मीही उतरलो, दोन्ही हात जुळवले, पाण्यात घातले आणि वर आणले. तोंडाशी येईपर्यंत ओंजळ रिकामी. मधल्या बोटाच्या जागी फट राहिली होती, तिथून धार लागलेली. पुन्हा भरली, पुन्हा गळाली. वडिलांनी स्टीलचा पेला पुढे केला.

"नको," मी म्हणालो. "आजोबांनी ओंजळीनं घेतलं. मीही ओंजळीनंच घेणार."

वरच्या पायरीवरून आत्या ओरडली, "अरे, तला आटवतोस काय रे? लोका वाट बघतायत!"

शेवटी फटीवर अंगठा दाबून दोन घोट मिळाले. भिजलेल्या बाह्यांनी आणि भरल्या छातीनं मी चटईवर येऊन बसलो. तत्त्वाचा विजय झाला होता. गिटारवर डावा हात ठेवला तेव्हा कळलं, कुठल्या किमतीला. कित्येक महिन्यांच्या मेहनतीनं टणक केलेलं ते टोक पाण्यानं मऊ पडलं होतं.

गाणं सुरू झालं. पहिल्या दोन कॉर्ड ठीक गेल्या. कडवं संपून ध्रुपद उचलायचं तिथे तिसरी. मी जोर लावला. बोट घसरलं, तार अर्धवट दबली आणि सुराऐवजी नुसता आवाज आला: टप.

कोरडा, बसका, दारावर एकदाच मारल्यासारखा. माझ्या कानशिलात रक्त चढलं. पण त्याच क्षणी आत्यानं ध्रुपद असं काही उचललं, की कोरस दचकून अर्धी मात्रा मागे राहिला. पुढच्या कडव्याला पुन्हा तेच: टप, आणि आत्या. वडिलांनी ते ओळखलं. तिसऱ्या वेळी त्यांनी त्या जागी ढोलकीवरचा हात रोखून धरला, म्हणजे टप एकटाच ऐकू यावा. समोरची माणसं त्या टपावर मान हलवू लागली. मी घसरायचं थांबवलंच नाही.

गाणं संपल्यावर गुरुजी म्हणाले, "तिसरी कॉर्ड चुकलास. दर वेळी."

"चुकला कुठं?" आत्या म्हणाली. "इतकी वर्षा मी ध्रुपद अंधारात शोधत व्हते. ह्यानं मला बरोबर दार वाजवून दिलान."

गुरुजींनी थोडा विचार केला. "ताल मात्र अचूक होता," असं म्हणून त्यांनी पेटीचा भाता बंद केला.

त्यानंतर वरंध गावी कार्यक्रम होता. मामेभाऊ सुट्टीवर आला होता, म्हणून हौसेनं तालमीत तोच गिटार घेऊन बसला. दहाही बोटं शाबूत, तिन्ही कॉर्ड चकचकीत. कडवं संपलं, सूर सुरेख लागला, आणि आत्यानं ध्रुपद उचललंच नाही.

"काय झालं?" त्यानं विचारलं.

"टप कुठं हाय?"

त्यानं तार दाबून पाहिली, सोडून पाहिली, तळव्यानं थोपटून पाहिली. आत्या मान हलवत राहिली. "आता बोट कापू काय, आत्याबाय?" तो म्हणाला.

"तू कशाला कापतोस? आमचा हाय ना कापलेला. दे त्याच्याकडं."

त्यानं हसत गिटार माझ्याकडे सरकवली आणि स्वतः कोरसमध्ये जाऊन टाळ्या धरल्या. जोरदार धरल्या, आणि मला त्या पहिल्यांदाच आवडल्या. चटईवरची माझी जागा आता वडिलांच्या ढोलकीला लागून आहे. नळाचं पत्रक मी दुसऱ्यांदा छापलंय, सरळ. मार्चमध्ये तळ्याच्या पायऱ्या उतरतो तेव्हा ओंजळ अजून गळते, आत्या अजून वरून ओरडते. वर येऊन मी उजवा हात शर्टाला पुसतो. डावा ओलाच ठेवतो.