शिंप्याच्या पायांवर मोजलेली गाडी

माझी उंची चार फूट दहा इंच. हे आधीच सांगून टाकते, कारण धुळ्याच्या आमच्या कचेरीत त्या उन्हाळ्यात माझ्या उंचीवर जेवढी चर्चा झाली तेवढी रेशनच्या रॉकेलवर झाली नाही. आणि आमची संघटना होती रेशनचं काम करणारी!

गाडी सावद्याहून आली. तिथल्या एका केळीच्या व्यापाऱ्याच्या पोराने हौसेने घेतलेली, शंभर सीसीची, लालभडक, आखूड हँडल, मागून उचललेली सीट. पोराचं लग्न ठरलं, सासऱ्याने जीप दिली, आणि ही रेसची गाडी त्याने संघटनेला देऊन टाकली. कचेरीतल्या पुरुषांचे डोळे लकाकले. मी म्हटलं, ही मला पाहिजे. सगळे हसले.

मला का पाहिजे होती, ते ऐका. शिरपूरच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याच्या गावांत रेशनवाले मापात मारत होते. रांगेत कोण उभं राहतं? बायका. मग त्यांच्याशी बोलणार कोण? मी तिथे जायचे ती आमच्या एका उंचपुऱ्या कार्यकर्त्याच्या मागे बसून. त्याला आम्ही भाऊ म्हणायचो. माणूस वाईट नव्हता. पण गाडीवरून उतरला की भाषणाला तोच उभा, आणि तो उभा राहिला की बायका पदर ओढून गप्प. एकदा एक म्हातारी कौतुकाने मला म्हणाली, "तुना मालक चांगला बोलस." मालक! एवढी धूळ खाऊन मी तिच्यासाठी आले होते, आणि तिच्या लेखी मी भाऊची बायको. एसटीने जावं, तर दिवसाला एक गाडी, तीही दुपारी परतणारी. रेशनचं दुकान उघडायचं संध्याकाळी.

आबा आमचे प्रमुख. ते म्हणाले, "पोरी, पाय तरी पुरतात का तुझे? मोपेड घे एखादी."

"मोपेड त्या चढावर ढकलत न्यावी लागेल, आबा."

"मग भाऊ आहेच की न्यायला."

भाऊ आहेच! या दोन शब्दांवर किती बायकांची कामं अडली असतील? मी भांडले. शेवटी आबांनी अट घातली: शुक्रवारी आवारात गाडी चालवायची आणि थांबवून दाखवायची. जमलं तर गाडी आणि डोंगराकडची गावं माझी. नाही तर दोन्ही भाऊची.

चालवता मला येत होतं. एरंडोलला मामाच्या गाडीवर शिकले होते. पण उंची लागते ती थांबताना. म्हणून मी गाडी आग्रा रोडवरच्या एका मिस्तरीकडे ढकलत नेली. पन्नाशीचा माणूस, हात काळा, बोलणं गोड. म्हणाला, "मागचे शॉकअप काढून आखूड टाकतो. पुढच्या फोर्कच्या नळ्या क्लॅम्पमध्ये वर सरकवतो. गाडी दोन इंच खाली बसेल. आप बाकडे पे बैठो, ताई."

"मला बसवून माप घ्यायचं ना, चाचा?"

"तौबा! भर रस्त्यात? अच्छा दिखता क्या?" आणि त्याने शेजारच्या दुकानातल्या शिंप्याला हाक मारली. "हा तुमच्याच उंचीचा."

शिंपी गळ्यात टेप घालून नवरदेवासारखा गाडीवर बसला.

"टेकले?"

"टेकले, चाचा."

आणि मी? मी बाकड्यावर बसून चहा प्याले. मांडीवरच्या पिशवीत आमच्या पत्रकांचा गठ्ठा होता. त्याची पहिली ओळ मीच लिहिलेली: 'माप तुमच्या डोळ्यांसमोर, तुमच्या भांड्यात घ्यायला लावा.'

शुक्रवारी मी आवारातल्या कडुनिंबाला झकास फेरी मारली. थांबले, डावा पाय खाली टाकला, तर खाली काहीच नाही. अंगठा टेकला, घसरला, गाडी आणि मी दोघी आडव्या. कचेरीचा शिपाई ओरडला, "गाडी पडी गई!" बाई पडली ते नंतर. भाऊ धावत आला, त्यानेही आधी गाडी उचलली.

"झालं समाधान?" आबा म्हणाले.

गुडघ्यातून रक्त येत होतं, पण डोकं ठिकाणावर होतं. उंची सारखी असेल. शिंप्याचे पाय लांब आणि धड आखूड. माझं नेमकं उलटं. "आबा, मिस्तरीने माप शिंप्याला बसवून घेतलं. ही परीक्षा माझी नाही, शिंप्याची झाली. तो पास आहे!"

आबांना हसू आलं. उद्या संध्याकाळपर्यंतची मुदत मिळाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, गुडघ्याला फडकं बांधून, मी पुन्हा मिस्तरीकडे. तो काही बोलायच्या आत ओढणी कमरेला खोचली, टांग टाकली आणि गाडीवर बसले. "आता मोजा."

पानटपरीवरून आवाज आला, "दख रे, बाई फटफटीवर बसनी!"

"बसनी!" मी ओरडले. "आणि माप झाल्याशिवाय उतरणार नाही."

मिस्तरी खाली बघत राहिला. मला वाटलं, लाजतोय. तो माझी टाच आणि रस्ता यांच्यामधली जागा बघत होता. मग उकिडवा बसला, त्या फटीत हात आडवा धरला आणि म्हणाला, "तीन बोटं." तिथून पुढे तो नुसता मिस्तरी होता. शॉकअप आणखी आखूड घातले, नळ्या तेवढ्याच वर घेतल्या, सीटचा फोम कडेने तासला. मग साइड स्टँड कापायला काढला. "गाडी खाली आली आणि स्टँड तेवढाच राहिला, तर सरळ उभी राहते. वाऱ्याने पलीकडे पडेल." मला तीनदा बसवलं, आणि तिन्ही वेळा बघ्यांवर खेकसला, "काम नहीं है क्या तुमको?" जाताना म्हणाला, "अब नीचे से लगेगी, ताई. दगड बघून चालवा."

लागलीच. डोंगराकडच्या त्या रस्त्यावर सायलेन्सर दर दगडाला घासायचा. ते मी नाकारत नाही.

संध्याकाळी आवारात मी थांबले, दोन्ही टाचा जमिनीवर. आबांनी किल्ली मागून घेतली, पण परत माझ्या हातात दिली नाही; कचेरीत माझ्या आणि भाऊच्या मध्ये टेबलावर ठेवली. मी उचलली. भाऊने एकदा गाडीवर बसून पाहिलं, गुडघे हँडलला लागले. "वाटोळं केलं गाडीचं!"

"मना मापनी शे, भाऊ. माझ्या मापाची!"

पुढच्या आठवड्यात त्या म्हातारीच्या दारात गाडी उभी केली. तिने माझ्यामागे रस्त्यावर नजर टाकली. "मालक नही उना?"

"नही. मीच उनू."

तिने कापलेल्या स्टँडवर कललेल्या गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. घरात गेली आणि आपला रॉकेलचा डबा घेऊन आली. "हाऊ दख," म्हणाली. डबा तिथेच माझ्यासमोर ठेवून तिने बोट लावून दाखवलं, दुकानदार कुठपर्यंत भरतो ते.