दिवसाढवळ्या लावलेली कडी

कित्येक महिने मला पहाटेपर्यंत झोप लागत नव्हती, म्हणून मी ऑनलाइन समुपदेशन घेतलं. पण सोनपेठच्या आमच्या घरात फोन स्पीकरवरच घ्यायची रीत. ऐकतात सगळे आणि उत्तरंही सगळेच देतात.

"झोप कशी आहे?" पहिल्याच दिवशी समुपदेशक बाईंनी विचारलं.

"लय झोपती, मॅडम. दहा वाजले तरी उठत न्हाई," आई म्हणाली.

"तिचा मोबाईल काढून घ्या, सगळं बरं हुतंय," काकूंनी मोबाईलवरच सल्ला दिला.

समुपदेशनाचा तास असाच संपला. अशा तासानंतर लोक म्हणतात, ऑनलाइन उपचारात दम नाही. दम येणार कुठून? नेटवर्क लागतं, चांगली समुपदेशक लागते. पण एकटीनं बोलायची मोकळीक नसेल तर सगळं वाया जातं. आणि ही मोकळीक कुणी आणून देत नाही, ती घ्यावी लागते.

पुढच्या मंगळवारी मी इअरफोन लावले आणि भरदुपारी आतून कडी घातली. बाबांनी दार वाजवलं.

"काय लपवायलीस गं?"

"लपवायले न्हाई, बोलायले."

ते वाजवत राहिले, मी बोलत राहिले. तासानं दार उघडलं.

"घरात पाहुणे आले असते तर काय म्हणले असते?" बाबांनी विचारलं.

"त्यांना चहा द्या," मी म्हणाले. "दर मंगळवारी कडी लागणार हाय."