येळवशीला बुक केलेली खोली
आंबिलीचा आंबूस वास आला की कमलनगरजवळचं ते गेस्ट हाऊस आठवतं. वेळ अमावस्येला, म्हणजे तिकडच्या येळवशीला, मी, बायको आणि आई, असे तिघं दुसऱ्या दिवशीच्या साखरपुड्यासाठी जेवणासकट दीड हजारांत तिथं उतरलो. फोटोतला गीझर बंद होता, खोलीत निम्म्या जागेत तुरीची पोती होती आणि स्वयंपाकघराला कुलूप. आईला मधुमेह, एकच्या आत जेवण हवंच. मी मालकाला फोनवर जरा कडकच बोललो. तो लगेच मोटारसायकलवर आला. "अण्णा, आज येळवस हाय. गावात चूल कोण पेटवायलंय? समदे शेतात हावत. आईला घेऊन चला की." शेतात कडब्याच्या कोपीपुढं, म्हणजे छोट्या खोपटापुढं, पंगत बसली होती. त्याच्या बायकोनं आईला बाजरीचे उंडे आणि शेंगा-पालेभाज्यांची गरम भज्जी वाढली. आईनं आंबील दोनदा मागून घेतली. "गीझरचं बोलायचंय ना?" माझ्या बायकोनं मला हळूच विचारलं. "आधी जेव," आई म्हणाली. निघताना मी ठरलेले पैसे दिले, तर मालकानं जेवणाचे पाचशे परत केले. "येळवशीचं जेवण इकत न्हाईत, अण्णा." खोलीचे हजार त्यानं ठेवून घेतले, आणि आजही मला योग्य वाटतं ते हे, की उरलेले पाचशे आईनं त्याच्या बायकोच्या हातात ठेवले, "चोळीला घे बाई, जेवणाचे नाहीत," असं सांगून.