पवनानगरचा कुंबिया

"आदी गप बसा, मग ऐका," असं दरडावूनच भाऊ अकॉर्डियनचा पट्टा खांद्यावर चढवायचे. पवना धरणाकाठी तंबूत राहायला गेला असाल, तर तुम्हीही कदाचित त्यांची बोलणी खाल्ली असतील.

तरुणपणी भाऊ मालवाहू जहाजावर खलाशी होते. कोलंबियाच्या एका बंदरात जहाज दुरुस्तीसाठी अडकलं, तेव्हा गोदीतल्या हमालांकडून ते तिथलं लोकसंगीत, कुंबिया, शिकले. अकॉर्डियनही तिथलंच. पेटीसारख्या पट्ट्यांऐवजी बटणं, भाता ओढला की एक सूर, दाबला की दुसरा. पवनानगरला परतल्यावर त्यांनी त्यात गावातल्या एका हलगीवाल्याची हलगी घातली, माझी ढोलकी घातली.

मी भजनातला ठेका धरला की खवळायचे. "मागं कशाला वडतोस? बोट हलतीया असं वाजव!"

मोबाइलवर ऐकून हुबेहूब तिकडचा वाजवला, तरी खवळायचे. "त्ये त्यांचं झालं. तुजं कुटंय?"

भजनी मंडळ म्हणालं, हे आपलं नाही. पर्यटक म्हणाले, काका, सिनेमातलं वाजवा. मला अजून संताप येतो.

मग लोणावळ्याच्या एका रिसॉर्टने 'लॅटिन संध्याकाळ' ठेवली. आम्ही तिघे हौसेने गेलो. मॅनेजरने भाऊंच्या डोक्यावर भलीमोठी मेक्सिकन टोपी चढवली. "काका, गाणं लॅपटॉपवरून लागेल. तुम्ही फक्त हात हलवा."

"टोपी दुसऱ्याच मुलकाची," भाऊ म्हणाले. "आन् नुसतं हात का हलवू? माजा भाता मेलाय व्हय?"

"लोकांना काय कळतंय, काका!"

भाऊंनी टोपी भिरकावली, लॅपटॉपची वायर उपटली आणि वाजवायला लागले. हलगी कडाडली. पाहुणे ताटं ठेवून नाचायला उठले. भाऊ डोळे मिटून हसत होते. तसं हसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. तेवढ्यात मॅनेजरने मागून पट्टा हिसकला. अकॉर्डियन फरशीवर आपटलं, भाता फाटला.

आणि पाहुणे? लॅपटॉप पुन्हा लागला, तर ते त्यावरही तसेच नाचले. एकानेही वाकून ते वाद्य उचललं नाही. आम्हीच उचललं.

भात्याला ठिगळ लागलं, पण सुरातून हवा गळायची. तो दुरुस्त करणारा माणूस शोधता शोधताच भाऊ गेले.

हलगीवाला आणि मी अजून वाजवतो. अकॉर्डियन जिथे एकटं वाजायचं, तिथे दोघेही हात उचलून थांबतो. गाणं संपलं समजून माणसं जेवणाकडे वळतात. जाऊ देत. तो तुकडा पुरा होईपर्यंत आम्ही हात खाली आणत नाही.