पऱ्हाटी घातलेली मोटार

अकोटहून अकोल्याला जायला तेव्हा अर्धा दिवस मोडायचा, तोही मोटारीची मर्जी असली तर. लढाई सुरू होती. ब्रह्मदेश जपान्यांनी घेतला आणि तिकडचं तेल यायचं बंद झालं. आमचं माहेरी-सासरी जाणं परमुलखातल्या विहिरींवर टांगलेलं आहे, हे मेलं आधी कुणाला ठाऊक होतं? पेट्रोल कुपनावर आलं, मालकानं एक मोटार कोळशावर केली, बाकीच्या उभ्या केल्या, आणि त्यातली एक चालवणारा माझा थोरला भाऊ घरी बसला. बसून बसून चिडला न् लष्करात ड्रायव्हर म्हणून भरती झाला. तिथं पेट्रोलला तोटा नव्हता.

उन्हाळ्याच्या तोंडी निरोप आला, त्याची पलटण गुरुवारी दुपारी अकोल्यावरून जाणार, आगगाडी थोडी थांबेल. आईचे गुडघे धरलेले. ती म्हणाली, "तूच जा. त्याले कुठी नेऊन राहिले, एवढं इचारून ये." दुसरं तिला काही नको होतं. मी मुलींच्या शाळेत मास्तरीण, एकटीनं फिरायची सवय होती. सकाळच्या मोटारीत बसले.

ती कोळशावर चालायची. पाठीला उंच टाकी, खाली भट्टी, कोळशाचा गॅस नळीतून इंजिनात. जरा चढ आला की उतारू खाली.  पूर्णा नदीच्या अलीकडे कोळसाच संपला. बांधावर उपटलेल्या पऱ्हाटीचे ढीग पडले होते. एक पाटील म्हणाले, "घरची चूल पेटते तं मोटर काहून नाही चालणार?" सगळ्यांना पटलं. आमच्याकडे कपाशीच्या काड्यांवर भाकरी भाजतात, दूध तापवतात, मग मोटारीला काय धाड भरलीय? मीही पदर खोचून मोळ्या ओढल्या. ड्रायव्हर नको नको म्हणत होता, पण त्याचं ऐकतो कोण. मोटार दोन शेतं चालली, खोकली, आणि बसली ती बसलीच. नळ्यांत डांबरासारखा चीक.

मी रडकुंडीला आले. मागून एक दमणी आली, तिच्यात बसले आणि अकोल्यापर्यंत गाडीवानाचं डोकं खाल्लं. त्यानं बैल पळवले बिचाऱ्यानं.

आगगाडी उशिरा आली म्हणून भेट झाली. दादा डब्याच्या दारातच उभा होता. माझे काळे हात बघून म्हणाला, "हे काय करून आली?" मी रागारागानं सगळं सांगितलं. तो पोट धरून हसला. "पऱ्हाटी घातली? त्या ड्रायव्हरले सांग, नळ्या सोडून राकेलानं धुव म्हणा. कोळसा बाभळीचाच घे म्हणा."

"दादा, तुले कुठी नेऊन राहिले?"

"आधी ते फडके बदलाले सांग. गॅस गाळाचे."

मी पुन्हा विचारलं. तो भट्टीच्या जाळीचं सांगू लागला. शिट्टी झाली, गाडी हलली. तो हात हलवत होता आणि मी तिथंच संतापानं चरफडत होते, इतका वेळ मिळाला न् या माणसानं मोटारीतच घालवला.

दुसऱ्या दिवशी घरी आले. आईनं पाणीसुद्धा पिऊ दिलं नाही. "काय म्हणे?"

"नळ्या धुवाले सांगतलं," मी फणकाऱ्यानं म्हटलं. "दोनदा इचारलं, तं मोटरीचंच बोलून राहिला."

आई भिंतीला टेकून खाली बसली.

"मंग लढाईवरच नेऊन राहिले त्याले," ती म्हणाली. "सांगाचं नसलं म्हणजे तो मोटरीचंच बोलते."