फळ्यावरची सव्वीस जानेवारी

किस्से जमवावे लागत नाहीत, गोदामातल्या रिटर्न मालासारखे ते आपोआप येऊन पडतात. आमचे तर बहुतेक एकाच तारखेला पडतात. मी भिवंडीजवळच्या पूर्णा गावातल्या एका मोठ्या गोदामात डिस्पॅचला आहे, रोज अंजूरहून येतो. गेटजवळ एक काळा फळा आहे. त्यावर दिवसाचं टार्गेट लिहायचं, एवढंच त्याचं काम. पण आमच्या पॅकिंगच्या सुजाताताई कोन गावच्या, शाळेत असताना रोज दिनविशेष लिहायच्या. ती सवय काही सुटत नाही. टार्गेटच्या खाली त्या इतिहासात आज काय घडलं ते लिहितात. सव्वीस जानेवारीचं मात्र आदल्या दिवशीच, कारण त्या दिवशी सुट्टी.

*

पहिल्या वर्षी त्यांनी लिहिलं, ‘१९३०: देशभर पूर्ण स्वराज्याची शपथ.’ गेटवरचे वॉचमन महादूकाका ते वाचत उभे राहिले. गोदाम उभं आहे तिथे एकेकाळी काकांचं भात पिकायचं. काकांनी खडू घेतला आणि ‘पूर्ण’ला काना देऊन टाकला. झालं ‘पूर्णा स्वराज्य’!

“काका, तिथे काना नाही,” ताई म्हणाल्या.

“कसा न्हाय? आमचे गावाला काना हाय.”

“अहो, हे गावाचं नाही, देशाचं स्वराज्य.”

“मंग देशाला मिलला, गावाला कवा?”

ताईंच्या हातात डस्टर होतं, ते त्यांनी खाली ठेवलं. तो काना चार दिवस तसाच होता. ट्रकवाले त्याच्यासमोर उभे राहून फोटो काढून गेले.

*

दुसऱ्या वर्षी ताईंनी २००१चा कच्छचा भूकंप लिहिला. फोर्कलिफ्ट चालवणारे अन्सारीभाई तेव्हा भिवंडीत कापडाच्या लूमवर होते आणि त्यांची लूम सव्वीस जानेवारीलाही चालू होती. आता लूमच्या खोलीत जमीन रोजच थरथरते, त्यामुळे भूकंप आला तरी कुणी मान वर केली नाही.

“मग कळलं कधी?” मी विचारलं.

“लाइट गया. लूम बंद, और जमीन चालू.”

सगळे बाहेर पळाले. मागून सेठ ओरडला, “किसकी इजाजत से निकले?”

अन्सारीभाई म्हणाले, “सेठ, आज छुट्टी ऊपरवाले ने दी है. दस्तखत उसी से ले लो.”

*

मग यंदा आला नवा मॅनेजर. पहिल्याच दिवशी त्याने दिनविशेष पुसला. “हिस्टरी से पार्सल नहीं निकलता,” म्हणाला. ताईंनी दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहिलं. त्याने पुसलं. त्यांनी लिहिलं. आठवडाभर हाच खेळ. शेवटी त्याने सगळ्यांसमोर विचारलं, “परमिशन किसने दी?”

ताई म्हणाल्या, “१९३० साली कोणी दिली होती?”

मला एवढा आनंद झाला म्हणून सांगू! पण काळजीही वाटली. ताई कंत्राटावर आहेत, एका फोनवर नोकरी जाते, आणि घरात कमावणाऱ्या त्या एकट्याच.

*

पंचवीस तारखेला नोटीस लागली. सेल चालू असल्याने उद्या फुल शिफ्ट. जो येणार नाही, त्याने सत्तावीसलाही येऊ नये. ताईंनी नोटिशीशेजारी फळ्यावर लिहिलं, ‘१९५०: राज्यघटना लागू. म्हणून उद्या सुट्टी.’ मॅनेजरने ते पुसलं, पण तोवर सगळ्यांनी वाचलं होतं.

सव्वीसला ड्युटीवर एकही माणूस गेला नाही. आम्ही गावच्या शाळेत झेंड्याला गेलो. पॅकिंगच्या बायका इस्त्रीच्या साड्या नेसून आल्या होत्या. जिलेबी खाल्ली खरी, पण कुणाला गोड लागली नाही.

सत्तावीसला मॅनेजर गेटवरच टेबल टाकून बसला होता. पुढ्यात एक कागद. नाव, सही आणि गैरहजेरीचं कारण. “सब का रीझन सिस्टिम में जाएगा. हेड ऑफिस तय करेगा कौन रहेगा.”

सगळे ताईंकडे बघत होते. ताई पुढे गेल्या. कारणाच्या रकान्यात त्यांनी आकड्यात १९५० लिहिलं, खाली सही केली आणि आत गेल्या.

“कितना लिखा?” अन्सारीभाईंनी विचारलं आणि तेवढंच लिहिलं. महादूकाकांनी लिहिलं. मीही लिहिलं. मागच्या सगळ्यांनी तेच लिहिलं.

मॅनेजरने चिडून तसंच कॉम्प्युटरमध्ये टाकलं. तिथे कारण शब्दांत नाही, कोड नंबरातच लागतं, तेव्हा कॉम्प्युटरने मुकाट घेतलं. दुपारी हेड ऑफिसचा फोन आला. फोन ठेवून मॅनेजर पॅकिंग लाइनवर आला आणि पहिल्यांदाच हळू आवाजात बोलला.

“मॅडम, ऊपर से पूछ रहे हैं, ये नाइन्टीन फिफ्टी कौन सा रीझन है. क्या लिखूँ?”

ताईंनी हातातला खोका टेप मारून पुरा केला, मग अ‍ॅप्रनच्या खिशातून खडू काढून त्याच्या हातावर ठेवला.

“जे पुसलंत ते आधी फळ्यावर लिहा, साहेब. मग वर पाठवा.”