बॅनर, स्टूल आणि आईचं मनगट

आईचं मनगट माझ्या पत्रकाने मोडलं.

आमच्या घरात आधी पत्रक येतं, मग दूध. माझ्या नामकरणालाही पप्पांनी चार पानी वाटलं होतं (तीन पानं व्यवस्थेवर, एक माझ्यावर!). त्यामुळे नाशिकरोडच्या आमच्या विहारात हाडांच्या ठिसूळपणावर सभा घ्यायची, हे मी ठरवलं. बॅनर आईने बांधायचा, हे मात्र कोणीच ठरवलं नाही. तो तीच बांधते. वर्षानुवर्षं!

आई स्टुलावर. एका हाताने मी स्टूल धरलेलं, दुसऱ्या हातात मसुदा.

"ऐक गं! 'पाळी गेल्यावर बाईची हाडं झपाट्याने विरळ होतात. दुखत नाहीत, थेट मोडतात!' कसंय?"

"बरंय. स्टूल हलतंय."

"'सगळ्यांना वाढून उरलेलं खाणाऱ्या बाईच्या ताटात दूध, नाचणी येणार कुठून?'"

"स्वाती, स्टूल!"

"'या शोषणाविरुद्ध...'"

इथे माझी मूठ वर गेली. स्टूल धरलेल्या हाताची!

"वाक्य जोरदार आहे," दारातून पप्पा म्हणाले. मग त्यांना आई दिसली. जमिनीवर.

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला. "फूटभर स्टुलावरून पडून मोडलं? हाडांची घनता तपासावी लागेल. आधी कोणी तपासून घेतली नाही?"

"डॉक्टर, हा प्रश्न समाजाला विचारा!" मी कडाडले.

"मी घरच्यांना विचारतोय."

पप्पा पंख्याकडे बघू लागले.

"मावशी, दूध घेता?" डॉक्टरांनी आईला विचारलं.

"घेते की. यांच्या चहातून उरलं तर."

"ऊन?"

"ते दोरीवरचे कपडे घेतात."

तपासणीत हाडं खरंच विरळ निघाली. आमच्याच घरात, माझ्या नाकाखाली! आईला गोळ्या लागल्या, मला भांडी.

सभा झाली. बॅनर वाकडा होता (मी बांधलेला). आई प्लास्टर घेऊन पहिल्या रांगेत. मी आवेशाने वाचलं, "मुद्दा सातवा! घरातल्या वयस्कर बाईला स्टुलावर चढवू नका!"

बायकांच्या नजरा आईच्या हाताकडे वळल्या. आई उठली.

"पोरगी हुशार आहे, बायांनो. सातवा मुद्दा तिला मी पडल्यावर सुचला."

अशा टाळ्या मला आजवर कधी मिळाल्या नव्हत्या. 'तुझ्या पत्रकांनी झाडाचं पानही हलत नाही,' असं पप्पा नेहमी म्हणायचे. या पत्रकाने तर छापून येण्याआधीच हाड मोडलं!